बगळ्याचं गालबोट

धर्मेंद्रला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाला की ओरडायचं आणि खाल्ला की कपाळावर हात मारून घ्यायचा, एवढंच त्याचं ज्ञान. तरी त्या वर्षी, ऑगस्टपासून मे लागेपर्यंत, इंग्लंडातल्या चौथ्या फळीच्या लीगमध्ये गटांगळ्या खाणाऱ्या एका संघासाठी त्यानं जेवढे नवस बोलले, तेवढे स्वतःच्या पोरीचं लग्न जमावं म्हणूनही बोलले नव्हते. माणसाच्या मनात पाप बसलं की ते कुठल्या फांदीला लोंबकळेल याचा नेम नसतो. धर्मेंद्रचं पाप एका बगळ्याच्या गळ्यात पडलं होतं.

तो सुरतेतल्या उधन्याला जसुभाई सेठच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सगळ्यांत जुना ऑपरेटर. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन लांबच लांब मशिनी. एकेका मशिनीला ओळीनं सुयांची डोकी, आणि सगळ्या डोक्यांखाली एकाच वेळी तेच फूल, तीच वेल, तोच मोर उमटत जायचा. अमळनेरकडून सुरतेला आला तेव्हा धर्मेंद्रला मिसरूड फुटत होतं. आता केस पांढरे झाले होते, आणि सेठचा मुलगासुद्धा त्याला नावानं हाक मारताना मागे 'भाई' लावायचा.

कारखान्यात एरवी साड्या आणि ड्रेसचे गळे यायचे. त्या वर्षी उन्हाळ्यात रिंग रोडच्या एका व्यापारी पार्टीनं वेगळंच काम आणलं. इंग्लंडातल्या ऑल्डरविक टाउन नावाच्या क्लबच्या जर्सीवर, छातीशी लावायचे बिल्ले. निळ्या कापडावर पांढराशुभ्र बगळा, पायाशी लव्हाळी. चित्राचं टाक्यांत रूपांतर करायचं, म्हणजे कुठल्या रंगाचा टाका कुठून कुठे जाईल ते कॉम्प्युटरवर बसवायचं, याला तिथे पंचिंग म्हणतात. ते काम ललितचं. हा ललित लिंबायतला धर्मेंद्रच्याच गल्लीत वाढलेला. त्याचा बाप लोटू हा धर्मेंद्रचा लूमवरचा जोडीदार. तो गेला तेव्हा पोरगं शाळेत होतं. आई सरलाबाईनं घरी बसून साड्यांवर खडे चिकटवून त्याला वाढवलं आणि धर्मेंद्रनं सेठच्या हातापाया पडून कामाला लावलं. पोराच्या बोटांत मात्र देवानं काही वेगळंच घातलं होतं. त्यानं त्या बगळ्याच्या पंखांचे टाके असे वळवले, की लाईट पडला की पीस न् पीस वेगळं दिसायचं.

पहिला नमुना मशिनीवरून उतरला तेव्हा धर्मेंद्र बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं नेहमीची ती गोष्ट केली.

त्याची आई धुरपदाबाई म्हणायची, चांगली चीज बिनडागाची घराबाहेर काढू नये. तिनं शिवलेल्या प्रत्येक गोधडीला कोपऱ्यात एक तरी ठिगळ मुद्दाम वाकडं असायचं. धर्मेंद्र हा वसा मशिनीवर चालवत होता. जीव लावून काम झालं की पदराच्या आतल्या कोपऱ्यात एक टाका काळा. कुणाची नजर लागू नये म्हणून. जरी आणि टिकल्यांच्या गर्दीत तो कोणाला दिसायचा नाही, आणि त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बगळ्याला पदर कुठून आणायचा? डोळ्याचा काळा दोरा सुईत होताच. मशिनीच्या पाटीवर बटणं दाबून त्यानं डोळ्याच्या जरा खाली, गालावर, दोन टाके वाढवले आणि ते तसेच ठेवून दिले. तान्ह्या बाळाला लावतात तसं गालबोट. त्याच्या मते त्यानं बगळ्याचं भलंच केलं होतं. तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि माल साता समुद्रापार गेला.

ऑगस्टात तिकडे लीग सुरू झाली. ललितनं मोबाईलवर कुठलंसं अ‍ॅप शोधून काढलं. "आपला बगळा खेळताना बघायला नको?" म्हणाला. शनिवारी साडेसातला दोऱ्याच्या कोनांना टेकवून मोबाईल उभा राहायचा आणि पाळी संपलेली माणसं घरी जायचं सोडून त्याच्यापुढे गोळा व्हायची. कुणी ओडिशाचं, कुणी यूपीचं, बाकी सगळे खानदेशी. एवढ्याशा पडद्यावर बिल्ला दिसायचा नाही, ठिपकेच पळायचे. तरी कॅमेरा एखाद्या खेळाडूच्या जवळ गेला की ललित ओरडायचा, "तो बघा, काका, आपला माल!" आणि सगळे छाती फुगवायचे. क्लबचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला बगळाच म्हणू लागले. बगळा जिंकला, बगळ्यानं बरोबरी केली, बगळ्याला पेनल्टी मिळाली. ऑफसाइड म्हणजे काय ते ललितनं धर्मेंद्रला बॉबिनी मांडून समजावलं होतं, आणि दर शनिवारी धर्मेंद्र ते नव्यानं विसरायचा.

सुरुवातीला बगळा उडत होता. सप्टेंबर संपला तेव्हा वरच्या पाचांत होता. धर्मेंद्र मनातल्या मनात म्हणायचा, आपला टाका कामाला आला. ते आनंदाचे दिवस होते. पुढे त्याला त्यांची आठवण नकोशी व्हायची.

नवरात्र सरलं आणि बगळ्याला दृष्ट लागल्यासारखं झालं. गोलकीपरचा खांदा निखळला. पुढचा गोरा पोरगा, ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं, त्याचा गुडघा गेला. एक हार, दोन हार, मग हारच हार. हरल्यावर माणसाला कारण लागतं. तिकडच्या कुणा चाहत्यानं जर्सीवरच्या बिल्ल्याचा मोठा केलेला फोटो इंटरनेटवर टाकला. बगळ्याच्या डोळ्याखाली काळा थेंब! रडतोय की हा! झालं. जो तो 'रडका बगळा' म्हणू लागला. असा अपशकुनी बिल्ला छातीवर लावून कोण जिंकेल? क्लबनं पुरवठादाराला झापलं, पुरवठादारानं पार्टीला आणि पार्टीनं जसुभाईला.

दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमीला कारखाना उघडला. सुरतेत हा मुहूर्ताचा दिवस. मशिनींना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आणि नारळाचा प्रसाद हातात असतानाच सेठनं ललितच्या तोंडापुढे मोबाईल धरला.

"आ शूं छे, ललित?"

ललितनं बघितलं, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा बघितलं. "सेठ, माझ्या फाइलमध्ये हे नाही." त्यानं धावत जाऊन कॉम्प्युटर चालू केला, फाइल उघडून दाखवली. बगळ्याचा गाल कोरा होता.

"आता पुसलं असशील," सेठ म्हणाला. "डिझाइन कोण बनवतो? तूच ना?"

"माँ कसम, सेठ. मैंने नहीं किया."

धर्मेंद्र मशिनीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. 'मी केलं,' एवढे दोनच शब्द होते, आणि ते अगदी ओठाशी आले होते. पण सेठचा आवाज चढला होता, नस तटतटली होती, आणि धर्मेंद्रच्या डोक्यात नको ते हिशेब सुरू झाले. या वयात मला दारात कोण उभं करेल? पोरगं तरुण आहे, बोटांत कला आहे, आज इथून गेलं तर उद्या दुसऱ्या दारात लागेल. शिवाय सेठ काय, रागावतो नि विसरतो. तेवढ्यात सेठ म्हणाला, "निघ इथून." आणि धर्मेंद्र पुढे झाला. त्याला वाटलं, आता तरी तोंडातून खरं निघेल. निघालं ते असं:

"सेठ, लड़का है. गलती हो गई होगी. माफ कर दो."

हे वाक्य त्यानं मनापासून, हात जोडून म्हटलं. सगळ्या कारखान्यानं ऐकलं. सगळ्यांत जुना माणूस, पोराला कामाला लावणारा, त्याच्या बापाचा दोस्त, तोच म्हणतोय चूक झाली असेल, म्हणजे झालीच. सेठला जो काही थोडाफार संशय होता तो तिथल्या तिथे मिटला. बुडत्याला हात द्यायला गेला आणि त्याच हातानं धर्मेंद्रनं त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं.

ललितनं त्याच्याकडे पाहिलं. "काका," तो हळूच म्हणाला, "तुम्हलेबी असंच वाटस का?"

धर्मेंद्रनं मान खाली घातली. ललितनं डबा उचलला आणि तो गेला.

दुसऱ्या दारात लागेल, असं जे धर्मेंद्रनं ठरवून टाकलं होतं ते झालं नाही. पंचिंगवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर सेठच्या मुलानं रागाच्या भरात ललितचा फोटो टाकला: या पोरापासून सावध, फाइलमध्ये खोडी करतो. उधना असो, कतारगाम असो, जिथे ललित जाई तिथे त्याचा फोटो आधीच पोचलेला असे. शेवटी तो रिंग रोडच्या कापड मार्केटात पोटली, म्हणजे कापडाचे गठ्ठे, उचलायला लागला. ज्या बोटांनी पिसं वळवली त्या बोटांना आता सुतळीचे चरे पडत होते.

धर्मेंद्र एकदा त्यांच्या घरी गेला. सरलाबाई साडीवर खडे लावत बसली होती. ती त्याला भाऊ म्हणायची; लोटू गेला त्या वर्षापासून राखी बांधायची. त्या दिवशी तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि वर बघितलं नाही.

"मन्ही आन खाईसन मन्हा पोर्या खोटं बोलाव नही," ती म्हणाली. "अन् तूबी त्याले चोरमाच धरं. ज्यानी हाई करं ना, त्याना हात झडी जावोत."

धर्मेंद्रनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. पाणी न पिताच तो उठला. वाटेत त्याला वाटलं, परत फिरावं, उंबऱ्यावर डोकं ठेवावं आणि सांगून टाकावं. पाय घराकडेच चालत राहिले.

मग त्यानं एक पळवाट शोधून काढली. पळवाट शोधण्यात माणसासारखा हुशार प्राणी नाही. त्यानं मनाशी ठरवलं: बगळा वाचला तर समजायचं की टाका अपशकुनी नव्हता. मग सेठकडे जाऊन सांगून टाकायचं, मी केलं, आणि ललितला परत आणायचं. त्या लीगमध्ये तळाचे दोन संघ खाली ढकलले जातात आणि बगळा अगदी त्या काठावर येऊन उभा होता. म्हणजे कबुली द्यायची की नाही हे आता इंग्लंडातली अकरा पोरं ठरवणार होती! मनाची केवढी सोय. हरले की आपण गप्प राहायला मोकळे, आणि जिंकले की अजून पुढचा सामना आहेच.

पण सोय कसली, तो जिवाचा होमच होता. कारखान्यातल्या इतरांनी बगळ्याचा नाद कधीच सोडला होता. ऑफसाइड समजावणारा गेला आणि क्रिकेट सुरू झालं. धर्मेंद्र एकटाच पोरीच्या मोबाईलवर बगळा बघत बसायचा. शनिवारी मारुतीचा उपास होताच, त्यानं मंगळवारही धरला. बगळ्याचा सामना असला की घास गिळेना.

"काय व्हयनं तुम्हले? ताट तसंच शे," बायको सुवर्णा म्हणायची. "त्या गोरासनी काय घोडं मारं तुमनं?"

तो म्हणायचा, "काही नही." रात्रंदिवस त्याला एकच दिसायचं: ललितची ती मान वर करून बघणारी नजर. त्यानं काळा टाका घालणं सोडून दिलं होतं. एका साडीला घातला नाही आणि ती साडी चांगली झाली, याचंही त्याला वाईट वाटलं.

जानेवारीत बगळा शेवटून दुसरा होता. फेब्रुवारीत शेवटचा. मार्चमध्ये कुठून कोण जाणे त्याच्या अंगात वारं शिरलं. एक जिंकला, दोन बरोबरीत सोडवले, पुन्हा एक जिंकला. शेवटच्या शनिवारी अशी वेळ आली, की बगळ्यानं निदान बरोबरी करायची आणि दुसऱ्या गावातला एक संघ हरायला हवा.

त्या संध्याकाळी धर्मेंद्र देवापुढे दिवा लावून मोबाईल घेऊन बसला. सामना सुरू होण्याआधी कॅमेरा लोकांवरून फिरला आणि धर्मेंद्रनं मोबाईल डोळ्यांजवळ घेतला. म्हातारे, बायका, खांद्यावर बसलेली पोरं, सगळ्यांनी डोळ्याखाली काळा ठिपका लावला होता. रडका बगळा म्हणून हंगामभर जी थट्टा झाली, तीच त्यांनी गालावर मिरवायला घेतली होती. हजारो गोरे गाल आणि प्रत्येकावर गालबोट. धर्मेंद्रनं इतकी माणसं दृष्टीपासून राखलेली कधी पाहिली नव्हती. त्याला हसू आलं आणि हसता हसताच तो रडायला लागला.

बगळ्यानं आधी गोल खाल्ला. मग मध्यंतरानंतर फेडला. दुसऱ्या गावातला संघ हरला. लोक मैदानात घुसले, खेळाडूंना खांद्यावर घेऊन नाचले. बगळा वाचला.

धर्मेंद्रला मात्र धडकी भरली. आता पळवाट उरली नव्हती.

सोमवारी तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून कारखान्यात गेला. वाटभर एकच वाक्य घोकत होता: सेठ, वो टाका मैंने मारा था. सेठच्या केबिनचं दार ढकललं, तर सेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा.

"आव, आव, धर्मेंद्रभाई! तोंड गोड कर!" जसुभाईंनी त्याच्या तोंडात पेढाच कोंबला. "पार्टीचा फोन आला. तिकडच्या लोकांना तो रडका बगळाच पाहिजे. पुढच्या वर्षी जर्सी, टोप्या, मफलर, सगळ्यांवर तोच, त्या थेंबासकट! आणि त्यांचं म्हणणं, ज्या कलाकारानं हे केलं त्याच्याच हातचं पाहिजे. त्याचा व्हिडिओ काढून लोकांना दाखवणार आहेत ते."

धर्मेंद्र पेढा तोंडात धरून उभा राहिला.

"ललितला घेऊन ये," सेठ म्हणाला. "तूच त्याला आणला होतास. आता पंचिंगचा मास्तर करतो त्याला. मुलाला सांगून ग्रुपवर माफी टाकायला लावतो. त्या दिवशी त्या थेंबाची किंमत माझ्या लक्षात आली नाही. ललितला नाही म्हणायची सवय, दुसरं काय. आज बघ, हो म्हणेल."

धर्मेंद्रनं तोंड उघडलं. पेढा गिळला. आणि त्याला लख्ख दिसलं, की आता 'मी केलं' म्हटलं तर सेठ त्याच्याच पाठीवर थाप मारेल, व्हिडिओत त्यालाच उभं करेल, आणि ललितला कुणी बोलावणार नाही. जी कबुली लाभपाचमीला पोराला तारणार होती, ती आज त्याचा घास काढून घेणार होती. खरं बोलायचीही एक वेळ असते आणि ती त्यानं सबंध हिवाळाभर बगळ्याच्या सामन्यांत घालवली होती.

"आणतो," तो म्हणाला.

संध्याकाळी तो लिंबायतला गेला. ललित नुकताच मार्केटातून आला होता आणि दाराबाहेरच्या ओट्यावर पाय धूत होता. सरलाबाई आत चुलीशी होती. धर्मेंद्रनं आधी सेठचा निरोप सांगितला, सगळा, मास्तरकी आणि माफीसकट. ललित ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद कुठेच दिसेना.

"पण मी करंच नही ना, काका," तो म्हणाला.

"माले माहीत शे," धर्मेंद्र म्हणाला. "तो टाका मन्हा शे, ललित. मी मारा. नजर लागाले नको म्हनीसन."

ललितनं लोटा खाली ठेवला. मग तो हिंदीत बोलला. लहानपणापासून तो धर्मेंद्रशी अहिराणीतच बोलायचा. मार्केटातल्या परक्या माणसाशी बोलावं तसं आता त्यानं हिंदी काढली होती.

"तो फिर माफी क्यों माँगी मेरी तरफ से?"

धर्मेंद्र ओट्याच्या कडेला टेकला.

"चुप रहते तो भी चलता था. सेठ शायद मान जाता. माफी क्यों माँगी?"

धर्मेंद्र त्याच्या पायांवर वाकला, तसे ललितनं पाय मागे घेतले.

"मी सेठले सांगस," धर्मेंद्र म्हणाला. "आत्तेच फोन करस. कारखानामा सगळासमोर सांगस."

"और फिर मेरेको कौन बुलाएगा?" ललितनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "छह महीने सच बोला, पोटली उठाई. अब मैं जाऊँगा. बोलूँगा, हाँ, मैंने ही किया. तुमने अब बोलने का नहीं. किसी को भी नहीं. आई को भी नहीं. उसको पता चला तो कल सुबह सेठ के दरवाज़े पर जाके खड़ी हो जाएगी."

धर्मेंद्र काही म्हणणार, इतक्यात सरलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. सेठचं नाव तिच्या कानावर पडलं होतं. "काय म्हने सेठ?"

"परत बलावं, आई. मास्तर करी ऱ्हायना." ललित उभा राहिला. धर्मेंद्रकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "तो काळा टाका तिकडे लोकस्ले भलता आवडना."

"पन तो तू कोठे करा व्हता?"

"मीच करा व्हता."

सरलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला जे ऐकू आलं ते पुरतं उमजायला वेळ लागला. आधी तिच्या चेहऱ्यावर मास्तर या शब्दाचा आनंद होता, तो हळूहळू निघून गेला.

"म्हनजे तू मन्ही आन खोटी खादी व्हती?"

ललित म्हणाला, "हा, आई." आणि टॉवेल घेऊन आत गेला.

धर्मेंद्रला वाटलं, आता बोललंच पाहिजे. पोर काही म्हणो, मास्तरकी जावो, या बाईला हे कळलंच पाहिजे. तिच्या पोरानं तिची शपथ खरीच खाल्ली होती. त्यानं मान वर केली. आतल्या अंधारात ललित तोंड पुसत उभा होता आणि टॉवेलवरून त्याच्याचकडे बघत होता. धर्मेंद्रनं पुन्हा मान खाली घातली.

सरलाबाई त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन टेकली. तिचे डोळे भरले होते, पण ते तिनं वाहू दिले नाहीत. कितीतरी महिन्यांनी तिनं त्याच्या दंडाला हात लावला.

"भाऊ, तूच खरा निंघना," ती म्हणाली. "पोर्या शे, भूल व्हयी जास, असं तू तव्हळच सेठले सांगं. अन् मी सहा महिना तुलेच शिव्या दिन्ह्यात. माले माफ कर, भाऊ."

मग ती उठली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. धर्मेंद्र तिथेच बसून राहिला. चहा आला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी कप धरला. बाई समोर उभी होती, म्हणून त्यानं तो सगळा प्यायला.